सूपेच्या खोऱ्यातून चाविनपर्यंत

लिमा शहरावर वर्षातले पाच-सहा महिने राखी रंगाचे मळभ पसरलेले असते, आणि ते इतके खाली उतरते की किनाऱ्याच्या कड्यावर उभे राहून पाहणाऱ्यास पाणी कोठे संपले व आकाश कोठे सुरू झाले याचा निवाडा करता येत नाही. तरीही त्या मळभातून पाऊस म्हणता येईल असे काही पडत नाही. जे पडते त्यास तेथील लोक ‘गारुआ’ म्हणतात. अंगावरचा कोट दमट होतो, झाडांची पाने ओलसर दिसतात, पण रस्त्यावरची धूळ बसत नाही. दक्षिण अमेरिकेचा हा पश्चिम किनारा विषुववृत्ताच्या इतका जवळ असूनही जगातील अत्यंत कोरड्या प्रदेशांत का गणला जातो, याचे उत्तर समोरच्या समुद्रात आहे. दक्षिणेकडून येणारा हम्बोल्ट प्रवाह किनाऱ्याला लागून वाहतो आणि त्याच्या जोडीने समुद्राच्या तळचे थंड पाणी सतत वर येत राहते. त्या थंडाव्यामुळे हवा वर चढत नाही, ढग धरतात पण बरसत नाहीत, आणि किनारपट्टी ओसाड राहते. परंतु तेच पाणी तळची खनिजद्रव्येही वर आणते, त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांवर लहान मासळीचे अगणित थवे पोसतात, आणि त्या मासळीवर पाणपक्षी, सील व माणसे जगतात. जमीन वांझ आणि समुद्र सुफल, आणि दोहोंचे कारण एक, ही गोष्ट ध्यानात ठेवल्यावाचून पुढे आम्ही जे पाहिले त्याचा अर्थ लागणार नाही.

लिमाहून उत्तरेस निघालेला हमरस्ता प्रथम शहराच्या धुळकट वस्त्या मागे टाकतो आणि पासामायोच्या उंच वाळूकड्यावर चढतो. पुढे चांकाय लागते, जेथे २०२४ साली चिनी भांडवलाने उभारलेल्या प्रचंड बंदराचे उद्घाटन झाले. त्यानंतर मात्र वाळू, खडक, आणि मधूनच कोंबड्यांच्या लांबलचक खुराड्यांची रांग, एवढेच दृश्य कितीतरी वेळ टिकते. डोळे त्या पिवळट एकसुरीपणास सरावतात न सरावतात तोच रस्ता एखाद्या टेकाडाला वळसा घालतो आणि ऊस, मका व मिरचीची हिरवीगार शेते अकस्मात समोर येतात. पूर्वेच्या अँडीज पर्वतावरून उतरलेली एखादी लहानशी नदी तेथे समुद्राला मिळत असते. तीनचार कोसांत हिरवळ संपते आणि पुन्हा वाळू. पेरूच्या किनाऱ्यावर अशा पन्नासांहून अधिक नद्या आहेत. प्रत्येक खोरे हा जणू स्वतंत्र परगणा आणि मधले वाळवंट ही त्याची सरहद्द, अशी निसर्गानेच या मुलखाची वाटणी करून ठेविली आहे. पाण्याचा कालवा जेथवर पोहोचतो तेथवर पीक, आणि त्याच्या पलीकडे एक हातावर गवताची काडी नाही. ही रेषा इतकी काटेकोर की एक पाय शेतात आणि दुसरा वाळवंटात ठेवून उभे राहता येते.

लिमापासून सुमारे १८० किलोमीटरवर हमरस्ता सोडून आम्ही सूपे नदीच्या खोऱ्यात उजवीकडे वळलो. समुद्रापासून पंचवीस-एक किलोमीटर आत, शेतांच्या हिरव्या पट्ट्याहून उंचावर असलेल्या एका कोरड्या पठारावर कराल नावाचे प्राचीन नगर आहे. प्रथमदर्शनी ते नगर वाटत नाही. दगडमातीचे काही ओबडधोबड उंचवटे, मागे त्याच रंगाचे डोंगर, आणि या दोहोंत फरक करण्यास नवख्या डोळ्याला काही क्षण लागतात. १९४८ साली पॉल कोसोक हा अमेरिकन अभ्यासक येथे येऊन गेला होता व हे उंचवटे मानवनिर्मित असल्याचे त्याने ओळखलेही होते. परंतु त्यानंतर जवळजवळ अर्धशतक या जागेकडे कोणी फारसे फिरकले नाही. याचे कारण मोठे विलक्षण आहे. येथे सोने नव्हते, म्हणून थडगी उकरणाऱ्या चोरांना तिचे आकर्षण नव्हते. आणि येथे मडकी नव्हती, म्हणून पुरातत्त्ववेत्त्यांना तिचा काळ ठरविता येईना. आपल्याकडे प्रवरेकाठच्या जोर्वे गावी सापडलेल्या तांबड्या खापरांवरील काळ्या नक्षीने दख्खनच्या एका संपूर्ण प्राचीन संस्कृतीस नाव मिळवून दिले. खापर हा उत्खननकर्त्याचा मुख्य दस्तऐवज. कराल येथे मात्र थरामागून थर खणले तरी एक भाजलेले भांडे निघत नाही. इतक्या मोठ्या इमारती बांधणाऱ्यांना मडके घडविता येत नसेल हे कोणाच्या मनात येणे शक्य नव्हते.

लिमाच्या सान मार्कोस विद्यापीठातील रूथ शेडी या विदुषीने १९९४ साली या खोऱ्याची पाहणी आरंभिली आणि लवकरच कराल येथे उत्खनन सुरू केले. मडकी नाहीत याचा अर्थ ती अजून सापडली नाहीत असा नसून हे नगर मडक्यांचा शोध लागण्यापूर्वीचे आहे असा असावा, हा त्यांचा तर्क. तो सिद्ध करण्यास साधन मिळाले ते अगदी अनपेक्षित ठिकाणी. येथल्या पिरॅमिडांच्या पोटात भराव म्हणून जे दगड घातले आहेत ते सुटे नाहीत. नदीकाठच्या लव्हाळ्यांच्या दोरांनी विणलेल्या जाळीदार पिशव्यांत ते भरलेले आहेत. या पिशवीस ‘शिक्रा’ म्हणतात. मजुरांनी खाणीतून पिशवी भरून आणावी आणि रिकामी न करता तशीच भरावात रचावी, अशी ती रीत. आपल्याकडे ओढ्यावर तारेच्या जाळीत दगड भरून गॅबियन बंधारा घालतात, त्याचेच हे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे रूप. भूकंपात भराव पिशवीपिशवीने किंचित हलतो व पुन्हा बसतो, पण एकदम ढासळून भिंत फोडीत नाही. या मुलखात भूकंप नित्याचे असल्याने ही तजवीज किती शहाणपणाची होती ते उघड आहे. आणि लव्हाळे ही वर्षाच्या आत वाढून कापली जाणारी वनस्पती असल्यामुळे तिचे कार्बन-कालमापन अत्यंत नेमके येते. त्या दोरांनीच अखेर साक्ष दिली. २००१ सालच्या एप्रिलमध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ती प्रसिद्ध झाली : सर्वांत जुना नमुना इसवी सनापूर्वी २६२७ या सुमाराचा. म्हणजे नाईलकाठी गिझाचे पिरॅमिड उभे राहत होते आणि सिंधूच्या खोऱ्यात मोहेंजोदडोच्या विटा रचल्या जात होत्या, त्याच शतकांत येथे, त्या दोहोंची वार्ताही नसताना, नगररचना चालली होती. या शोधाच्या श्रेयावरून पुढे पेरूच्या व अमेरिकेच्या संशोधकांत बरीच कटुता आली. तो मजकूर येथे वाढवीत नाही.

नगराचा विस्तार आज डोळ्यांपुढे नीट उभा राहतो, कारण युनेस्कोने २००९ साली जागतिक वारसा म्हणून नोंदविलेल्या ६२६ हेक्टरांच्या या क्षेत्रात मुख्य इमारती साफ करून ठेविल्या आहेत. मध्ये एक प्रशस्त मोकळे मैदान आणि त्याभोवती सहा मोठे पिरॅमिड. त्यांतील सर्वांत थोरल्याच्या पायथ्याची बाजू दीडशे मीटरहून अधिक. इजिप्तप्रमाणे हे टोकदार नाहीत. पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारी, माथ्यावर सपाट अशी ही चौथऱ्यांची रचना असून वर खोल्या, अंगणे आणि अग्निकुंडे आहेत. त्या कुंडांना जमिनीखालून वारा पुरविणाऱ्या दगडी नळ्या पाहून आम्ही थक्क झालो. दोन पिरॅमिडांच्या पुढ्यात जमिनीत खोल उतरलेली वर्तुळाकार प्रांगणे आहेत. पायऱ्यांनी त्यांत उतरावयाचे, पलीकडच्या पायऱ्यांनी वर यावयाचे आणि मग पिरॅमिडाकडे चढावयाचे. यांपैकी एका प्रांगणाजवळ पेलिकन पक्ष्याच्या हाडांच्या ३२ बासऱ्या एकत्र सापडल्या, आणि त्यांवर माकडांची व सापांची चित्रे कोरलेली आहेत. माकड हा या वाळवंटातला प्राणी नव्हे. तो अँडीजच्या पलीकडच्या अरण्यातला. चित्र कोरणाऱ्याने माकड प्रत्यक्ष पाहिले असो वा केवळ ऐकले असो, सूपेच्या खोऱ्याची दृष्टी पर्वत ओलांडून जात होती एवढे त्यावरून निश्चित होते. एका घरात देवमाशाच्या मणक्यांची बैठकीसारखी मांडणी मिळाली. समुद्रापासून इतक्या आत ते मणके वाहून आणणाऱ्यांना चाक ठाऊक नव्हते, आणि ओझ्याचे जनावर असलेच तर लामा.

कराल गावातल्या एक प्रौढ बाई आमच्या मार्गदर्शक होत्या. त्यांनी बोलताबोलता ज्याचा अभिमानाने उल्लेख केला ती गोष्ट म्हणजे येथे तटबंदी नाही, बुरूज नाही, आणि उत्खननात युद्धाची शस्त्रेही निघाली नाहीत. सुमारे हजार वर्षे नांदलेल्या नगरास शत्रूची धास्ती वाटली नाही, हे ऐकावयास फार गोड आहे, आणि शेडीबाईंच्या लेखनातही त्यावर मोठा भर आहे. मला स्वतःला मात्र त्या गोड कथेत थोडी भर घालावीशी वाटते. पिरॅमिडांच्या सान्निध्यात ऐसपैस, गिलावा केलेली घरे आहेत, आणि नगराच्या कडेला काड्यामातीची लहान घरे आहेत. शिक्रा वाहणारे पाठीचे कणे आणि माथ्यावर अग्निकुंडापुढे बसणारे पाय एकाच घरातले नव्हते. तलवारीवाचून अंमल चालविता येतो, परंतु अंमलावाचून दगड वर चढत नाहीत. त्या पुरोहितवर्गाने रयतेकडून श्रमांचा वसूल कोणत्या भरवशावर घेतला असेल, याचा विचार मी त्या मैदानातून चालताना करीत होतो.

त्याचे उत्तर बहुधा कापूस आणि मासळी यांच्या हिशेबात आहे. नगर म्हटले की धान्याची कोठारे, ही आपली समजूत गहू आणि जव यांच्या देशांवरून बनलेली. गॉर्डन चाइल्ड या विख्यात पंडिताने १९५० साली नगरक्रांतीची दहा लक्षणे सांगितली आणि त्यांत लेखनविद्येस मानाचे स्थान दिले. कराल येथे लेखन नाही आणि धान्यही नावापुरतेच. मका येथे होता, तो किती होता यावर वाद आहे, पण मुख्य पीक म्हणून ज्याकडे बोट दाखवावे तो कापूस. खोऱ्यातल्या लोकांनी कापूस पिकविला. किनाऱ्यावरच्या कोळ्यांना त्याच्या सुताची जाळी आणि जाळी तरंगत ठेवण्यासाठी वाळलेले भोपळे मिळाले. त्यांनी त्या बदल्यात अँचोव्हेटा नावाची, आपल्या कोकणातील मांदेलीच्या कुळातली बोटभर मासळी व तारली वाळवून आत पाठविली. जाळ्यावाचून तो समुद्र निरुपयोगी आणि मासळीवाचून ते खोरे उपाशी. या दोहोंच्या मधोमध बसून देवघेवीची सूत्रे हाती ठेवणाऱ्या नगरास सत्ता येणे स्वाभाविक होते. पेरूच्या किनाऱ्यावरील संस्कृतीचा पाया शेतीत नसून समुद्रात आहे, हे मायकेल मोझली या विद्वानाने कराल उजेडात येण्यापूर्वीच, १९७५ साली, मांडले होते. शेतीवाचून नगर अशक्य म्हणून अनेकांनी ते फेटाळले. आता असे दिसते की दोन्ही पक्ष अर्धे खरे होते. शेती होती, पण ती प्रथम सुतासाठी होती. त्याच शतकांत सिंधूकाठीही सूत काढले जात होते, परंतु ती कापसाची वेगळी जात. दोन खंडांतल्या माणसांनी एकमेकांच्या नकळत दोन निराळ्या रानझुडपांतून एकच उद्योग निर्माण केला.

करालच्या कचऱ्यात मिळालेल्या वनस्पतींची यादी वाचताना मराठी माणसास हसू आल्यावाचून राहणार नाही. मिरची, रताळे आणि पेरूचे फळ तीत आहेत. यांत बटाटा, शेंगदाणा आणि साबुदाणा ज्यापासून होतो तो कंद ही त्याच खंडाची आणखी देणी मिळविली, म्हणजे आषाढी एकादशीचे आपले फराळाचे ताट जवळजवळ पूर्ण होते. ही सारी पोर्तुगीजांच्या आगमनानंतर आपल्या किनाऱ्यावर उतरली आणि उपवासास चालणारी ठरली. आणि जो गहू आपल्या पूर्वजांनी हजारो वर्षे पिकविला तो मात्र वर्ज्य राहिला.

लेखन नव्हते, मग हिशेब कसा राहत असे? शेडीबाईंना येथे गाठी मारलेल्या दोऱ्यांचा एक जुडगा मिळाला आणि तो ‘किपू’चा अतिप्राचीन नमुना असावा असे त्यांचे म्हणणे आहे. किपू म्हणजे दोऱ्यांचे दफ्तर. पुढे इंका साम्राज्याने आपली जमाबंदी, माणसांची मोजदाद आणि कोठारांची शिल्लक अशा गाठींतच नोंदविली. स्पॅनिश विजेत्यांनी आरंभी त्याची टिंगल केली नाही; महसुलाच्या कज्जांत किपू वाचणाऱ्या कारकुनांची जबानी त्यांच्या न्यायालयांनी पुरावा म्हणून लिहून घेतली. करालच्या त्या जुडग्याविषयी विद्वानांत एकवाक्यता नाही, आणि एका नमुन्यावर चार सहस्रके पुढचा इतिहास लादणे मलाही धाडसाचे वाटते. पण सुताच्या देशात हिशेबही सुतातच राहावा यात नवल ते काय?

करालहून परत किनाऱ्याकडे आलो ते सूपे बंदराला. येथे आस्पेरो नावाची कोळ्यांची प्राचीन वस्ती आहे. करालला मासळी पुरविणाऱ्यांपैकी ती प्रमुख. १९४१ साली गॉर्डन विली या नामांकित अमेरिकन पुरातत्त्ववेत्त्याने येथे खणून पाहिले, शिंपल्यांचा ढीग नोंदविला आणि बाजूचे उंचवटे नैसर्गिक म्हणून सोडून दिले. तीस वर्षांनी पुन्हा येऊन पाहतो तो ते पिरॅमिड. बंदरावर हवेला एक दाट, तेलकट दुर्गंध आहे. तो येतो मत्स्यचूर्णाच्या कारखान्यांतून. ज्या अँचोव्हेटावर कराल जगले तीच मासळी आज माणसाच्या ताटात फारशी येत नाही. ती भट्टीत वाळवून, दळून, परदेशी कोंबड्यांच्या व मत्स्यशेतीच्या खाद्यासाठी रवाना होते, आणि मत्स्यचूर्णाच्या निर्यातीत पेरू जगात पहिला आहे. १९७० साली या देशाने बारा कोटी क्विंटलांच्या वर ही मासळी काढली. १९७२ साली एल निनोचे उष्ण पाणी आले, तळचे थंड पाणी वर येईनासे झाले, आणि आधीच ओरबाडलेला तो साठा असा कोसळला की सावरण्यास कित्येक वर्षे लागली.

आस्पेरोच्या उंचवट्यावरून पश्चिमेस पाहिले तर पॉलिनेशियाच्या बेटांपर्यंत पाण्यावाचून काही नाही. याच किनाऱ्यावरील कायाओ बंदरातून १९४७ साली थोर हेयरदाल हा नॉर्वेजियन प्रवासी बाल्सा लाकडाच्या तराफ्यावर बसून निघाला आणि १०१ दिवसांनी रारोइयाच्या प्रवाळबेटावर आदळला. पॉलिनेशियाची वस्ती पेरूतून झाली, हा त्याचा सिद्धांत आज कोणी मानीत नाही. ते लोक आशियाच्या बाजूने, एकेक बेट जिंकीत आले. तरीही रताळे हे अमेरिकेचे पीक युरोपीय जहाजे येण्याच्या पूर्वीच त्या बेटांवर लावले जात होते, आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनाने इसवी सन १२०० च्या सुमारास दोन्ही समाजांची गाठ पडल्याचे दाखविले आहे. करालच्या अस्तानंतर तीन हजार वर्षांनी घडलेली ती भेट. तराफ्यावरून अमेरिकन गेले की नौकांतून पॉलिनेशियन आले, यावर अजून वाद आहे, पण समुद्रवाटांचे ज्ञान पाहता माझे मत पॉलिनेशियनांच्या बाजूने पडते.

करालचा अस्त इसवी सनापूर्वी १८०० च्या आगेमागे झाला. भूकंप, एल निनोच्या पुरांनी वाहून आणलेला गाळ, वाऱ्याने शेतांवर लोटलेली वाळू आणि अवर्षण अशी कारणे सांगितली जातात. त्याची एक साक्ष थोडे दक्षिणेस, वेगेता गावाजवळच्या विचामा येथे पाहावयास मिळते. तेथल्या मातीच्या भिंतीवर उठावदार आकृती आहेत : पोट खपाटीला गेलेली, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी माणसे, काही निपचित पडलेली तर काही नाचणारी, आणि त्यांच्यासोबत मासे. दुष्काळ पाहिलेल्या मुलखातून आलेल्या माणसाला या भिंतीचा अर्थ कोणी समजावून द्यावा लागत नाही. ज्यांनी आपली नगरे हळूहळू मोकळी केली त्यांनी जाण्यापूर्वी आपल्या उपासमारीची नोंद करून ठेविली, आणि राजाची किंवा देवाची नव्हे, तर भुकेलेल्या माणसांची चित्रे काढली.

तेथून उत्तरेस कास्माच्या खोऱ्यात शिरलो आणि दृश्य पार पालटले. सेरो सेचीन येथील देवळाची भिंत पेरूचा आद्य पुरातत्त्ववेत्ता हूलिओ तेयो याने १९३७ साली उजेडात आणली. तीनशेहून अधिक कोरीव शिलांची ही रांग आहे. मोठ्या शिलांवर शस्त्रधारी पुरुष दिमाखाने चाललेले, आणि त्यांच्या मधल्या लहान शिलांवर त्यांची कामगिरी : तुटलेली मस्तके, कमरेपासून कापलेली धडे, हात, पाय, लोंबणारी आतडी, ओळीने मांडलेले डोळे. कोरीव काम अत्यंत सफाईदार असल्यामुळेच ते अधिक अंगावर येते. काहींच्या मते हा विजयस्तंभासारखा युद्धाचा अहवाल, काहींच्या मते बलिविधी, तर कोणी शरीरशास्त्राचा अभ्यासही म्हणतात. हा शेवटचा तर्क मला तरी पंडितांची पळवाट वाटतो. याच देवळाच्या पोटात आणखी जुने मातीचे देऊळ आहे आणि त्याच्या भिंतीवर मासे रंगविलेले आहेत. जुन्या भिंतीवर मासे, नव्या भिंतीवर मुंडकी : या किनाऱ्यावर सत्तेचा चेहरा कसा बदलत गेला ते इतक्या थोड्या अंतरात दुसरीकडे कोठे दिसेल असे वाटत नाही. जवळच सेचीन आल्तोचा महाकाय टेकाडवजा पिरॅमिड आहे. सेचीन बाखो येथे तर जर्मन उत्खननकर्त्यांना करालच्याही कितीतरी आधीचे, इसवी सनापूर्वी सुमारे ३५०० चे, वर्तुळाकार प्रांगण मिळाले आहे, तेव्हा ‘पहिले नगर’ हा मान कराल किती काळ राखील हे सांगवत नाही.

कास्माच्याच वाळवंटात चांकियो आहे. एका बोडक्या टेकडीच्या धारेवर तेरा बुरूज ओळीने उभे आहेत. दोन्ही बाजूंना ठराविक ठिकाणी उभे राहून पाहिल्यास वर्षभरातील सूर्याचे उदय आणि अस्त या तेरांच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सरकत जातात, आणि बुरुजांमधल्या फटी पंचांगाचे काम करतात. सुमारे २३०० वर्षांपूर्वीच्या या वेधशाळेचे गणित २००७ साली सिद्ध झाले आणि २०२१ मध्ये तिला जागतिक वारसा मान्यता मिळाली. ते बुरूज बांधले गेले तोवर पुढे वर्णिलेले चाविनचे मंदिर ओस पडले होते. रस्त्याच्या क्रमाने मात्र ते आधी लागतात.

कास्माहून रस्ता पूर्वेस वळतो व कोर्दियेरा नेग्रा या बर्फहीन काळ्या पर्वतरांगेवर चढू लागतो. समुद्रसपाटीवरून निघालेला माणूस एका दिवसात चार हजार मीटरांवर पोहोचतो, आणि खिंडीच्या माथ्यावर समोर एकदम कोर्दियेरा ब्लांका, ६,७६८ मीटर उंचीच्या वास्कारानसह, पांढरी शुभ्र उभी राहते. खालचे वारास शहर १९७० च्या भूकंपात जवळजवळ संपूर्ण कोसळले. त्या आपत्तीत या प्रदेशात सुमारे सत्तर हजार माणसे मेली, आणि म्हणून आजचे वारास काँक्रीटचे, निर्विकार आहे. तेथून पुढे साडेचार हजार मीटर उंचीवरील बोगद्यातून पलीकडे उतरले की मोस्ना नदीचे अरुंद खोरे, आणि त्यात ३,१८० मीटरांवर चाविन दे वांतार.

किनाऱ्यावरून आलेल्यास चाविनचे पहिले वैशिष्ट्य असे जाणवते की येथे सारे आत आहे. करालचे पिरॅमिड मोकळ्या मैदानाकडे तोंड करून बसलेले; चाविनचे मंदिर, इसवी सनापूर्वी सुमारे १२०० पासून ५०० पर्यंत वाढत गेलेले, बाहेरून घोटीव दगडांची एक मुकी भिंत आहे आणि तिच्या पोटात अरुंद, काळोख्या, काटकोनात वळणाऱ्या वाटांचे जाळे. त्या वाटांना वायुमार्ग आहेत, आणि खालून डोंगरी ओढ्याचे पाणी नेणारे नाले. ते पाणी सोडले म्हणजे मंदिरात गर्जना घुमत असावी, असा कयास पेरूच्या विद्वानांनी मांडला आहे. एका वाटेच्या शेवटी, क्रूसाकृती कोठडीत, साडेचार मीटर उंचीची ग्रॅनाइटची शिळा भाल्यासारखी जमिनीत रोविलेली आहे. ही लान्सोन. सुळे काढलेले मुख, केसांच्या जागी साप, एक हात वर उचललेला आणि एक खाली सोडलेला. ती आजही मूळच्या जागी उभी आहे आणि तिच्यासमोर एका वेळी दोन-चारच माणसे उभी राहू शकतात. २००१ साली येथील एका दालनात वीस शंख एकत्र सापडले, तोंडे कापून फुंकण्याजोगे केलेले आणि वापरून वापरून गुळगुळीत झालेले. आणि हे शंख इक्वेडोरच्या उष्ण समुद्रातले, म्हणजे शेकडो कोसांवरून पर्वत चढून आलेले. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या परीक्षणात तेथील हाडांच्या नळ्यांत तंबाखूजातीच्या व ‘विल्का’ नावाच्या भ्रमजनक बियांच्या पुडीचे अवशेष आढळले. काळोख, पाण्याची गर्जना, शंखनाद आणि ती पूड : यात्रेकरूवर काय प्रयोग होत असेल याची कल्पना करता येते, आणि तो करणाऱ्यांना शस्त्राची गरज का भासली नसेल याचीही. बाहेरच्या भिंतीत पूर्वी दगडी मुखवट्यांची रांग होती, माणसाचा चेहरा क्रमाने श्वापदाचा होत जाणारी. त्यांतील एकच आज जागेवर आहे.

तेयोने १९१९ साली चाविन पाहिले आणि ही अँडीजची जननी-संस्कृती असे जाहीर केले. तो स्वतः डोंगरातल्या मूळ रहिवाशांच्या घरी जन्मलेला. ही संस्कृती मेक्सिकोकडून उसनी आलेली नसून इथलीच आहे हे सांगण्यास त्या काळी धैर्य लागत होते, आणि त्यातले मुख्य विधान खरे ठरले आहे. जननी मात्र ती नव्हे. चाविनचा पहिला दगड बसला तेव्हा कराल ओस पडून कित्येक शतके लोटली होती.

पेरूला जाणारे बहुतेक सगळे कुस्कोला उतरतात, माचू पिच्चू पाहतात आणि परततात. माचू पिच्चू रम्य आहे यात वाद नाही, पण ते पंधराव्या शतकातले, करालहून चार हजार वर्षांनी धाकटे आहे, आणि तेथे जमणारी गर्दी पाहता त्याला आणखी एका प्रवाशाची गरज नाही. करालला आहे. २०२० च्या साथीच्या काळात पहारा सैल झाला तेव्हा तेथल्या संरक्षित जमिनीवर अतिक्रमणे झाली आणि शेडीबाईंना जिवाच्या धमक्याही आल्या. खोऱ्यातल्या गावांना त्या उंचवट्यांवर चार पैसे मिळू लागले तरच ते टिकतील. तेव्हा जाणाऱ्याने किनाऱ्याच्या वाटेने जावे, कराल आधी पाहावे, सेचीन नंतर, आणि चाविन शेवटी. हा क्रम मोडू नये.